समुद्राकडची भिंत

माझ्या मामांइतकं समुद्राशी वैर धरलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही, आणि ते वैर त्यांनी धरलं तेव्हा कॅलेंडरावरच्या चित्राखेरीज समुद्र त्यांनी कुठे पाहिलेलाही नव्हता. संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णेच्या अंगाला असलेलं त्यांचं गाव. पाऊस तिथे पाहुण्यासारखा यायचा आणि चहा न घेता निघून जायचा. ते साल कपाशीच्या नव्या बियाण्याचं. पारावर बसलेली माणसं बोंडअळी, बीटीची पाकिटं आणि पडलेला भाव एवढंच बोलायची, आणि त्यांच्या मधोमध बसून आमचे मामा विचारायचे की समुद्राच्या हवेत भिंतीवर ठोकायला पत्रा बरा का सागवानी फळी. ऐकणारे आधी मामांकडे बघायचे, मग एकमेकांकडे. मी मलकापुरात दिलेली, त्यांची सख्खी भाची. मलाही बरेच दिवस वाटत होतं की उन्हानं मामांचं काहीतरी सटकलंय.

टिकाऊपणाचं वेड त्यांना मुळातच होतं. दुकानात गेले की भाव विचारायच्या आधी ते वस्तू वाजवून बघायचे, मग नखानं खरवडायचे आणि दुकानदाराची नजर दुसरीकडे असली तर जिभेनं चाखायचेसुद्धा. पायात ट्रकच्या टायरच्या वहाणा. त्या इतक्या जड की मामा येताहेत हे आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच कळायचं आणि चहाचं आधण आपोआप पडायचं. माझं लग्न ठरवायला आले तेव्हा सगळे मुलाकडे बघत होते आणि मामा सासरच्या घराच्या भिंती ठोकत फिरत होते. परत आल्यावर माझ्या आईला म्हणाले, "घर पक्कं हाय. पोरगं तुमी पाहून घ्या." अहो, माझं अख्खं आयुष्य त्या एका वाक्यावर ठरलं. नशीब, की पोरगंही टिकाऊ निघालं.

अशा माणसाला बीटीचं बियाणं पटणार कसं? जन्मभर त्यांनी घरची सरकी राखून पेरलेली. आता दरसाल नवं पाकीट आणायचं, आणि त्यातून निघालेली सरकी पुढच्या साली पेरली तर काही खरं नाही. "जे बी एका सालात मरते, ते बी कायचं?" असं ते ज्याला त्याला विचारत. पण सगळ्या शिवारानं तेच पेरलं तेव्हा त्यांनीही पेरलं. नाइलाजानं पेरलेल्या शेताकडे ते ज्या नजरेनं बघत, ती नजर मला आवडत नसे. शेत आपल्या हातचं गेलं, आता निदान घरादारातलं काहीतरी एकदा लावलं की जन्मभर टिकेल असं असावं, हा त्यांचा हट्ट त्या वर्षापासून फारच वाढला.

त्यांना एकच मुलगी, वर्षा. पाऊस यावा म्हणून हौसेनं नाव वर्षा ठेवलं, तर पाऊस काही आला नाही, पोरगीच पावसाकडे गेली. डी.एड. झाली आणि तिला शाळा मिळाली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राकाठच्या एका गावात. तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न झालं. मांडव मामांच्या दारात पडला, म्हणून तिच्या सासरच्या भिंती ठोकून बघायच्या राहिल्या. माणसं लाखाची. घर चिऱ्याचं, मोठं, पण वर्षाची खोली नेमकी पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून. पावसाळाभर ती भिंत पाणी प्यायची. कपाटातल्या साड्यांना बुरशी, गाद्यांना वास. वर्षानं ते सगळं हसत सोसलं. मग मुलगी झाली, चिमी, आणि पहिल्याच पावसात त्या लेकराची छाती भरली ती रिकामी होईना. डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्यापुरतं हिला कोरड्या हवेत ठेवा. त्यामुळे दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी वर्षानं चिमीला मामा-मामींकडे आणून सोडलं आणि नोकरीसाठी एकटी परत गेली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत ती हसत होती. मी तिथेच होते, म्हणून सांगते, तसं हसणं पुन्हा बघायला मिळू नये.

चिमीचा खोकला आमच्याकडे आठवड्यात पळाला. मामांचं तर काय विचारता! टायरच्या वहाणांवर उभं करून ते तिला अंगणभर चालवायचे. बैलाच्या शिंगाला तिचं झबलं वाळत घालायचे. मामी म्हणायची की आपल्या लेकीच्या वेळी हे माणूस कुठे गेलं होतं कोण जाणे. दिवाळीला वर्षा आली, धावतच अंगणात शिरली, हात पुढे केले. चिमीनं तिच्याकडे पाहिलं आणि मामीच्या पदरात तोंड लपवलं. मामीलाच ती आई म्हणायला लागली होती. वर्षा आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन बसली. मामांनी ते पाहिलं. त्या दिवाळीत त्यांनी करंजीला हात लावला नाही. तिकडची भिंत अजून ओलीच होती, म्हणून वर्षा चिमीला न घेताच परत गेली. मला एवढंच म्हणाले, "लेकरू मायपासून तुटलं नाही पायजे. हे आता एकच साल. भिंतच बदलून टाकतो मी."

आता ज्या माणसाचा जन्म मातीच्या भिंतींत गेला, तो समुद्राकडच्या भिंतीचं काय करणार? पण मामांचं म्हणणं साधं होतं. समुद्र म्हणजे काय, तर खारं पाणी. आणि खारं पाणी आम्हाला कोण शिकवणार? आमचा सगळा पट्टाच खारपाण्याचा. मामांच्या विहिरीचं पाणी असं, की चहात साखर घालावी तर ती लाजून विरघळायची. भिंतीला लागलं की पांढरा खार फुटायचा. "समुद्र आपल्याच घरात हाय माय, उगंच तिकडं कायले जा लागते?" असं म्हणून त्यांनी माळ्यावरचा फवारणीचा पंप खाली काढला. नव्या बियाण्याला फवारा लागत नाही असं विकणाऱ्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे पंप रिकामाच होता. तो त्यांनी सोड्यानं इतक्या वेळा धुतला की पितळ नवं दिसायला लागलं. मग गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी नमुने ठोकले. सोनाळ्याच्या बाजारातले हनीफभाई वेल्डर त्यांचे दोस्त. त्यांनी साधा पत्रा, रंगाचा पत्रा, सिमेंटचा सपाट बोर्ड, सागवानी फळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या असं काय काय आणून दिलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाठीला पंप अडकवून, तोंडाला उपरणं बांधून, मामा गोठ्यावर समुद्र फवारायला लागले.

गावाला त्या वर्षी हसायला दुसरं काही नव्हतं. कापसानं कोणाचंच भलं केलं नव्हतं, घराघरांत माणसं तोंड मिटून जेवत होती. पण संध्याकाळी मामांच्या गोठ्यापाशी चार लोक जमायचे, कोणता नमुना आधी मरतो यावर वाद घालायचे आणि खरंच हसायचे. साधा पत्रा संक्रांतीच्या आतच तांबडा झाला. प्लॅस्टिकच्या पट्ट्या उन्हानं वाकल्या, सागवानी फळी उलली. रंगाच्या पत्र्यानं मात्र मामांना चकवलं. वरून रंग छान राहिलेला, आणि खालून, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, साफ उडालेला. मामा दोन दिवस विचारात. खारं पाणी खालीच का जोर करतं? हनीफभाई म्हणाले, "मामू, हवा नीचे से आती होगी." तिसऱ्या दिवशी मामीला शेण काढताना दिसलं की दोन्ही बैल माना लांब करून, डोळे मिटून, मोठ्या चवीनं पत्रा चाटताहेत. खारट लागल्यावर ते कशाला सोडतात! मामा बैलांवर चिडले नाहीत. एकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चाट बे, जे तुह्या जिभीले टिकन ते समुद्राले टिकनच." तेव्हापासून बैल परीक्षक झाले.

बैलांना पुरून उरला तो सिमेंटचा बोर्ड. मग मामांच्या ध्यानात आलं की बोर्ड शाबूत राहतो, खिळाच गंजून सुटतो. झालं, स्टीलच्या स्क्रूसाठी माझ्या नवऱ्याला मलकापूरची सगळी दुकानं फिरवली. शिवाय बोर्ड भिंतीला चिकटवायचा नाही, मधे हात जाईल इतकी फट ठेवायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. घरात कापूस साठवला की भिंतीला टेकलेला तेवढाच पिवळा पडतो, मागून वारा फिरला तर नाही, एवढा साधा हिशेब. वैशाखात मलकापूरहून बोर्डांचं पार्सल गाडीत चढवलं. मामी चिमीला आणि बैलांना सोडून येईना, म्हणून सोबत मी गेले. वाटेत हमाल असो की टी.सी., मामा प्रत्येकाला बजावत होते की आत नातीची भिंत आहे, हळू धरा.

वर्षाच्या घरी पोचल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. वहाणा वाजवत थेट किनाऱ्यावर गेले. मी मागे. समुद्र बघून माणसं काय काय म्हणतात. मामा थेट पाण्यात शिरले. पुढे जाऊन त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, आपल्या सवयीप्रमाणे तोंडात घातलं आणि थुंकले. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकले. मग उपरण्यानं तोंड पुसलं. जन्मभर ज्या विहिरीला शिव्या घातल्या, तिच्याबद्दल ते म्हणाले, "माय, आपलं पानी गोड हाय वो."

म्हणजे सहा महिन्यांचा फवारा गेला की वाया! बोर्ड बैलांच्या परीक्षेत पास झाला आणि समुद्राची परीक्षा राहूनच गेली. मला रडावं का हसावं कळेना. पण मामा मागे फिरणारे नव्हते. घरी येताच त्यांनी व्याह्यांना विचारलं की ह्या असल्या पाण्यापुढे तुमच्या गावात टिकतं तरी काय. व्याही शांत माणूस. त्यांनी मागच्या अंगणात नेलं. तिथे वर्षा आणि तिची सासू नारळीच्या झावळ्या पसरून झाप विणत बसल्या होत्या. पावसाच्या आधी समुद्राकडच्या भिंतींवर हे झाप बांधतात, मार सगळा झाप खातात. पण ते सगळ्या भिंतींना पुरत नव्हते, आणि वाऱ्यानं एखादा फाटला की पाणी सरळ चिऱ्यात. मामांनी झाप हातात घेतला, नखानं खरवडला आणि किती साल टिकतो म्हणून विचारलं. व्याही म्हणाले, "एकच पावसाळा. दर वर्षी नवे विणायचे."

मला वाटलं, आता बीटीच्या पाकिटाची गोष्ट निघणार. मामांचं तोंड तसंच झालं होतं. "दरसाल नवं? इकत?" त्यांनी विचारलं. व्याह्यांना प्रश्नच कळेना. "विकत कशाला? माड आपलेच. जुना झाला की त्याच माडाच्या मुळात टाकायचा." मामा खाली बसले. झाप मांडीवर घेऊन उलटसुलट केला. म्हणाले, "घरचं हाय तर मग चालते."

पुढचे चार दिवस दोन्ही व्याही भिंतीला भिडले. फट ठेवून सिमेंटचे बोर्ड मामांचे, त्यावर झाप व्याह्यांचे. मामा शिडीवर चढून स्क्रू आवळत आणि खाली वर्षा झाप विणत असे. हाताकडे न बघता विणायची, सासूशी त्यांच्याच हेलात बोलत. मामा वरून ते बघत आणि स्क्रू आवळायचे विसरत. संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाले की लेक आता इथली झाली. चांगलंच झालं, असंही म्हणाले, पण लगेच नाही. आधी पिशवीतले उरलेले स्क्रू मोजून झाले. आम्ही परतलो, आणि पाऊस पडायच्या आत जावई येऊन चिमीला घेऊन गेले.

त्या पावसाळ्यात चिमीला खोकला झाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भिंत खडखडीत कोरडी. चिमी आईच्या कुशीत झोपते, आईच्याच शाळेत जाते, आणि आता पावसाळ्यात आमच्याकडे यायचं तिला काही कारण उरलं नाही. उन्हाळ्यात येते, आठ दिवस, पाहुण्यासारखी. दर पावसात मामा फोन करतात, एकच विचारतात, "कोरडं हाय ना?" तिकडून हो आलं की म्हणतात, "बरं झालं," आणि फोन मामीकडे देतात.

तिकडून येताना वर्षानं विणलेला एक झाप त्यांनी मागून घेतला होता. तो त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर, बैलांच्या जिभा पोचणार नाहीत इतका वर बांधलाय. नव्या बियाण्यालाही पुढे फवारा लागायला लागला, तेव्हा शेतासाठी त्यांनी दुसरा पंप आणला. हा जुना अंगणातच असतो. परवा मी गेले तर मामा पाठीला पंप अडकवून त्या झापावर पाणी फवारत होते. एका पावसाळ्याची वस्तू, आमच्या हवेत किती वर्षं झाली, तशीच आहे. मी म्हटलं, मामा, त्या भिंतीसाठी ओलीशी एवढं भांडलात आणि आता हे काय? त्यांनी हात थांबवला नाही.

"सुकून चालला वो माय," ते म्हणाले. "लेकीच्या हातचा हाय. त्याले तिकडची सवय हाय."