तुराटीची तलवार

लातूरच्या आमच्या तलवारबाजी क्लबात आता परदेशी तलवारी आहेत. टोक समोरच्याला लागलं की दिवा पेटतो. तरी सर नव्या पोरांच्या हाती आधी तुराटीच देतात. क्लब निघाला तेव्हा तलवारी नव्हत्याच, सगळे तुरीच्या वाळल्या काड्यांवर शिकले. मला हा निव्वळ चिक्कूपणा वाटायचा.

माझी लेक तुराट्या मोडून मोडून रडकुंडीला आली. "मला खरी तलवार पाहिजे!"

"माय, तू मारायलीस," सर म्हणाले. "इथं नुसतं शिवायचं हाय." आणि हात मागं बांधून तिच्यापुढं उभे राहिले.

लेकीनं धुळीत पडलेली तुराटी उचलली, जपून पुढं केली. काडी सरांच्या छातीला टेकून वाकली, मोडली नाही.

सरांच्या पांढऱ्या शर्टावर धुळीचा ठिपका उमटला. आम्ही निघेपर्यंत त्यांनी तो झटकला नाही.