भरतीतून गळलेला दिवस

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी रत्नागिरीतल्या नोकरीबद्दल विचारलं की मी आंब्यांवर बोलायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या लहानशा कार्यालयात नुकताच संगणक आला होता. नाटे बंदरातल्या धक्क्याला पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवलेलं होतं आणि ते सांभाळणारा माणूस तिथल्याच मच्छीमार घरातला, रोजंदारीवरचा. यंत्रातली नोंद फ्लॉपीवर घेऊन तो एस.टी.नं यायचा. प्रत्येक फ्लॉपीवर एक तुकडा. ते तुकडे मी एकापुढे एक जोडायचो. पडद्यावर हिरवी रेघ चढायची, उतरायची. दुपारी सुरंगीच्या फुलांचा वास आत यायचा आणि खिडकीतला समुद्र कुठला, काचेतला कुठला, हे कळेनासं व्हायचं.

एकदा फ्लॉपी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "सायब, मधे एक दिवस मशीन बंद ठेवलं हां. गावात मयत झालं. त्या दिवशी आमच्यात कोण समुद्राला हात लावत नाय."

"अरे, मशीनला कसलं सुतक?"

"मशीनला नसंल. पण पाण्यात त्याचाच हात बुडालेला ना?"

मी हसलो. "बरं, तेवढा दिवस मोकळा सोडतो."

जोडताना संगणकानं विचारलं, दुसरा तुकडा कधीपासून? तिथं तारीख घालायची होती. मी तंद्रीत नुसतं बटण दाबलं; म्हणजे दुसरा तुकडा पहिल्याला लगेच चिकटला, मधला दिवस गळाला. यंत्र एका सकाळी थांबलेलं, दुसऱ्या सकाळी सुरू झालेलं. दोन्ही वेळी पाणी जवळपास त्याच उंचीवर. सांधा दिसलाच नाही. रेघ इतकी सुरेख जुळली की मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसलो.

साहेबांनी मात्र पंचांग काढलं. "पौर्णिमेचं उधाण एक दिवस आधी? रत्नागिरीत चंद्राला घाई झालीय काय?"

मधे यंत्र बंद होतं, मी म्हणालो.

"मग त्यानं कळवलं नाही?"

"नाही, साहेब."

त्याला कामावरून काढलं.

बऱ्याच वर्षांनी नाट्याला गेलो, तेव्हा तो किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. त्यानं ओळखलं, चहा मागवला. होड्या पाण्यावर झोपेत असल्यासारख्या हलत होत्या.

"सायब, एक विचारू? मशीनचं मी तुमाला सांगितलेलं ना? बायको म्हणते, सपनात सांगितलं असशील."

"आता आठवत नाही बुवा."

तो जाळ्याकडे वळला. "मग नसंलच सांगितलं."

आता तो नाही. परतीच्या एस.टी.त जे ओठांवर आलं, ते त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही: तू सांगितलं होतंस. माझ्या टेबलापाशी उभं राहून, स्पष्ट सांगितलं होतंस. मला माफ कर.