एसटीत गेलेले चार मैल

वडिलांची अट साधी होती. भाटघरहून भोंगवली, भोंगवलीहून वेल्हे, वेल्ह्याहून परत भाटघर. तीन दिवस, सगळं पायी, सामान स्वतःच्या पाठीवर. कुठल्याही गाडीत बसायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत घरात यायचं. हे जमलं तर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजच्या फॉर्मवर ते सही करणार होते. नाही जमलं तर मी जूनपासून टायपिंगच्या क्लासला जायचं आणि पळण्याचं नाव काढायचं नाही.

"मे महिन्यात?" आई म्हणाली.

"ऊन काय तिला विचारून पडणार आहे?" वडील म्हणाले. ते धरणावर ओव्हरसियर होते. मी माघार घेईन असं त्यांना वाटलं असावं. मला माघार घेता येत नव्हती, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

घरात बसून राहणं मला जमत नाही. पुण्याच्या इंग्रजी शाळेत होते तेव्हा मैदान तरी होतं. भाटघरला कॉलनीतल्या दोन खोल्या आणि समोर पाणी. संध्याकाळ झाली की पाय आपोआप हलायला लागत.

पाठीला शबनम पिशवी जुन्या ओढणीनं घट्ट बांधली. आत बाटली, दशम्या, गुळाचा खडा, मीठ, एक सलवार-कमीज. पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी कापूरहोळच्या पुढं डांबर वितळून तळव्यांना धरायला लागलं. पाऊल उचललं की चट्‌ असा आवाज यायचा. उन्हाचा मला फार त्रास झाला नाही. त्रास झाला तो माणसांचा.

आमच्या भागात बाईमाणूस रस्त्यानं पळत असेल तर कोणीतरी गेलेलं असतं. दुसरं कारण लोकांना माहीत नाही. शेतातून, बैलगाडीतून, विहिरीवरून हाका यायच्या.

"कोन गेलं गं बाई?"

"आगं थांब की! कुनाचं काय झालं?"

मी मान हलवून पुढं सटकायची. माझं मराठी घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं कडक, पुस्तकी. तोंड उघडलं की लोक बघत राहतात. त्यापेक्षा मान हलवणं सोपं. पहिली रात्र भोंगवलीत आईच्या मैत्रिणीकडे काढली, दुसरी वेल्ह्यात विश्रामगृहात, वडिलांच्या चिठ्ठीवर. दोन दिवसांत मी वीस वाक्यंही बोलले नसेन.

तिसऱ्या दिवशी पहाटे वेल्हे सोडलं. टाचेवरचे फोड फुटले होते. थांबलं की ठणकायचे, म्हणून थांबायची भीती वाटत होती. अकराच्या सुमारास गुंजवणीकाठच्या एका गावापाशी बाटली रिकामी झाली. रस्त्याकडेच्या अंगणात चार-पाच बाया वाळत घातलेला हिरडा निवडत बसल्या होत्या. मी पाणी मागितलं.

एक म्हातारी उठली. तिनं तांब्या आणला, पण हातात दिला नाही. "आदी गूळ खा. नुसतं पानी ढोसलंस तर छातीत भरंल." गूळ तोंडात असेपर्यंत तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठं निगालीस?"

"भाटघरला."

"तितं कोन हाय?"

"वडील."

"मंजी म्हायेरी निगालीस."

मी मान हलवली. खोटं तर नव्हतं. आणि मग सगळं माझ्या हातातून गेलं.

"तरीच," दुसरी म्हणाली. "पळून आलीया."

"गळ्यात काय न्हाई की गं."

"काडून फेकलं आसंल. बरं केलंस बाई."

"आन् पायात बगा! दादल्याचं बूट घालून पळाली!" कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई म्हणाली, तशा सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही.

"सासू मारती?" तिनं हळू विचारलं. मी खाली बघितलं. काय सांगायचं ते मनात इंग्रजीत तयार होत होतं आणि मराठीत येत नव्हतं. ती माझ्याजवळ टेकली. "म्या बी निगाले हुते एकदा अशीच. वाटंनं कुनी पानी दिलं न्हाई. बापानं दुसऱ्या दिशी परत आनून घातली." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "हिला पायी जाऊ द्यायची न्हाई. माग काडत कुनी आलं तर?"

तेवढ्यात वेल्ह्याकडून एसटी आली. म्हातारी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली.

"आजे, स्टाप फुडं हाय!" कंडक्टर ओरडला.

"तुज्या स्टापाला काय चाटायचंय? पोरीला आत घे."

दोघींनी मला दंडाला धरलं. नको, एवढं म्हणायचं होतं. तेवढंच. मी पायरी चढले. नसरापूरचं तिकीट काढलं आणि खिडकीशी बसले.

बसल्यावर पायांना जे वाटलं ते मी लपवणार नाही. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. वारा लागत होता. मैलाचा एक दगड मागं गेला, मग दुसरा. वडिलांना कळणार नव्हतं. वेळेआधी पोचले असते. सही झाली असती. मी ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत, सोडत होते. तिसरा दगड गेला. शेजारची बाई म्हणाली, "नीट बस की, किती चुळबुळ करतीस." चौथा दगड दिसला तेव्हा मी उठले.

"नसरापूर लांब हाय अजून," कंडक्टर म्हणाला.

"इथंच उतरायचंय."

"हितं? माळावर?" त्यानं घंटी मारली. मागून कोणीतरी म्हणालं, "आली आसंल दादल्याची आठवन," आणि गाडीभर हशा झाला.

चार मैल उलटं जायचं आणि तेच चार मैल परत यायचं. बारा वाजून गेले होते. झाडांच्या सावल्या बुंध्यांपाशी गोळा झाल्या होत्या. पळणं कसलं, मी ओढत होते स्वतःला. वाटेत वाटलं, गावाच्या अलीकडूनच वळावं, म्हणजे त्या बायांचं तोंड बघायला नको. पण मी एसटीत चढले ती जागा त्यांच्या अंगणासमोर होती.

म्हातारीनं मला लांबूनच ओळखलं. हातातला हिरडा सुपात टाकून ती रस्त्यावर आली.

"परत? सासरी निगालीस परत?" तिचा आवाज चिरकला होता.

"आजी, माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणाले. "मी पळते आहे. तीन दिवस. गाडीत बसायचं नाही अशी अट आहे."

"कशापायी पळतीस?"

"पळायला आवडतं म्हणून."

कडेवर मूल असलेली फिस्सकन हसली. म्हातारीचा चेहरा मात्र लाल झाला. "मग मगाशी त्वांड शिवलं हुतं का? म्या तुला माजं सांगितलं. ते काय करमनुकीला?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मला बोलता येत नाही पटकन."

ती आत गेली. गेली ती गेलीच, असं वाटून मी वळले, तर तांब्या आणि गूळ घेऊन बाहेर आली. गूळ माझ्या तळहातावर आदळला. "खा. आन् हुबी काय ऱ्हातीस? पळ."

घरी पोचले तेव्हा कॉलनीतले दिवे लागून तास झाला असेल. वडील फाटकाशी होते. पिशवी काढायला त्यांनी हात लावला नाही.

"गाडीत बसलीस?"

"बसले."

आई दारातून पुढं आली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: मान हलवली ते, बायांनी चढवलं ते, चार मैल, परत चार मैल. म्हातारी काय बोलली तेही. वडिलांशी एवढं सलग मी कधी बोलले नव्हते.

"परत जाऊन पळाली की हो ती," आई म्हणाली. "जास्तच पळाली."

"दिवेलागणी होऊन गेली," वडील म्हणाले. "आणि बसली होती."

फॉर्म टेबलावर पेपरवेटखाली होता. तो द्यायला अजून दोन आठवडे होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण पाय पुन्हा हलायला लागले होते.

"मग मी सोमवारी परत निघते," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

वडील माझ्या बुटांकडे बघत होते. टाचेपाशी कॅनव्हास काळपट भिजलं होतं.

"सोमवारी नाही," ते म्हणाले. "गुरुवारी. आधी ते फोड सुकू देत."