राहिलेलं पाणी

अपघात झाला की अख्खं यवत गाडीकडं पळायचं आणि आमचे मुकादम गाडीकडं पाठ करून पळायचे, हातात लाल फडकं घेऊन. मी पोस्टात नवा होतो, मला वाटलं माणूस रक्ताला भितो. मग कळलं, मागून येणारा ट्रक गर्दीत घुसू नये म्हणून ते आधी लांब जाऊन फडकं लावतात. "आधी फडकं, मंग मानूस. न्हाईतर एकाचे धा व्हत्यात, मास्तर."

ते सोलापूर रस्त्यावरच्या गँगचे मुकादम. खड्डे बुजवणं हे सरकारी काम. अपघातानंतरचं सगळं त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. फडकं झालं की गाडीची चावी काढायची. चाकांभोवती चुन्याची रेघ, म्हणजे गाडी हलवली तरी पंचनाम्याला भांडण नको. जखमीला बखोटीला धरून उठवायचं नाही, फळीवर सरकवायचं. मला पोस्टातल्या फोनला जुंपलेलं. "कुठं, किती मानसं, शुद्धीवर किती, येवढंच सांगा. हळहळ मागनं करा."

ती फळी म्हणजे त्यांच्या घराचं दार. बौद्धवाड्यातल्या त्या घराला कायम गोणपाटाचा पडदा. बायको कुरकुरायची, "सरकारला एक फळी मागता येत न्हाई व्हय?"

"मागितलीया. येईल."

आणि शेवटचा नियम, पाणी द्यायचं नाही. आपल्याकडं रस्त्यात पडलेल्याच्या तोंडाला लोक आधी तांब्या लावतात. तांब्या दिसला की मुकादम खवळायचे.

एका उन्हाळ्यात खुटबावच्या एका बागायतदाराची मोटार कडुनिंबावर आदळली. माणूस पोट धरून पाणी मागत होता. त्याच्या भावानं तांब्या आणला, तर मुकादम आडवे उभे. "आत काय फाटलं आसंल ठावं न्हाई. आपरेशनला पोट रिकामं पायजे."

"मरणाऱ्याला पानी न्हाई म्हनतोस? तू कोन रं?"

त्या 'तू कोन'चा अर्थ सगळ्यांना कळला. मी मान खाली घातली. तेवढंच केलं, याची अजून लाज वाटते.

"मरणाऱ्याला द्या की," मुकादम शांतपणे म्हणाले. "ह्यो जगनार हाय." त्यांनी पंचा ओला करून त्याचे ओठ पुसले.

तो जगला. दोन महिन्यांनी काठी टेकत बौद्धवाड्यात आला आणि मुकादमांच्या ओट्यावर बसला. त्याच्या घरातलं त्या वस्तीत कुणी कधी बसलं नव्हतं. "मुकादम, त्या दिशीचं पानी ऱ्हायलंय. द्या."

मुकादमांनी तांब्या पुढं केला. "दमानं प्या. पोटाला टाकं हायत."

पुढच्या वर्षी यवतजवळ उसाचा ट्रक उलटला. मुकादम नेहमीसारखे उलट्या दिशेनं पळाले आणि मागून आलेल्या टेम्पोनं त्यांनाच उडवलं. मी पोचलो तेव्हा फडकं मुठीतच होतं. ते सोडवून मी लांब जाऊन लावलं आणि धावत परत आलो. त्यांची बायको तांब्या घेऊन बसली होती.

"मास्तर, मागत्यात वो."

"पानी," मुकादम म्हणाले.

मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "नाही मुकादम. तुम्ही जगणार आहात." माझा रुमाल ओला करून त्यांच्या ओठांवर ठेवला. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्याच दारावर घालून त्यांना पुण्याला न्यायला निघालो. उरुळीच्या पुढं ते गेले.

आठवड्यानं मी घरी गेलो. दार बिजागऱ्यांवर बसवलेलं होतं. त्यांच्या बायकोनं तोच तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. मला हात लावायचा धीर होईना.

"त्यांनीबी दिलं नसतं, मास्तर," ती म्हणाली. "प्या तुम्ही."

मी प्यालो.