अवसेचा माल

शाळेच्या स्लॅबवर वाजलेला तो हातोडा आजही माझ्या कानात आहे. स्वातंत्र्याला वर्ष झालं होतं. मी मेढ्याला नवा फौजदार. नोकरीआधी गावोगाव चळवळीची पत्रकं वाटलेली, त्यामुळे राग माझ्या नाकावरच असायचा.

पोरं आत बसायच्या आधीच नव्या शाळेच्या स्लॅबचा एक कोपरा खाली आला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. निनावी चिठ्ठी आली: गवंड्याने सिमेंट बाहेर विकलं. मी त्याला थेट कोठडीत टाकलं. लहान पोरांच्या डोक्यावर वाळूचं छप्पर घालतो म्हणजे काय?

चौकशीत मी तासभर बोललो. तो एवढंच म्हणाला, "सायेब, ठोकून बगा. माल खोटं बोलत न्हाई." माल म्हणजे काँक्रीट.

शेवटी पंच आणि सरकारी ओव्हरसियर घेऊन त्याला शाळेवर नेलं. एका हाताची बेडी सोडून हातोडा दिला. कान लावून तो ठोकत गेला. खण, खण, खण. पडलेल्या कोपऱ्यालगतच्या दोन हात रुंद पट्ट्यात मात्र आवाज बद्द आला. ओव्हरसियरने तिथे छिन्नी लावली, तर काँक्रीट बोटांनी चुरलं. उरलेल्या स्लॅबवर ओव्हरसियरने वाळूची पोती रचून दिवसभर ठेवली. स्लॅब तसूभर वाकला नाही.

म्हणजे कच्चं होतं ते एकाच दिवसाचं काम. गवंडी खाली बघत उभा. तेवढ्यात घमेली वाहणारी एक मावशी पुढे आली.

"आवं, त्यो पट्टा आवसेला वतलाय. आवसेला गवंडी थापीला हात लावत न्हाईत, ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

"मग अमावास्येला ओतला कुणी?"

"आमी बायांनी. ठेकेदार म्हनला, सायेब बगाय येनार हायती, उरका. सिमीट त्योच घालत व्हता, मूठमूठ."

ठेकेदाराला ठाण्यात बोलावून त्याच्या हाताने चार ओळी लिहून घेतल्या. चिठ्ठीतलं अक्षर तेच निघालं. पुढे त्याने सिमेंट स्वतःच विकल्याची कबुली दिली.

बेडी काढताना मी गवंड्याला चिडूनच विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

मनगट चोळत तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर तुमी बायास्नी आत घातलं असतं."

घातलंच असतं. पत्रकात प्रश्न नसतात, नुसती उत्तरं असतात, आणि मी ठाण्यात बसून पत्रकच लिहीत होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोठडीचं कुलूप लावण्याआधी मी समोरच्याला एकदा तरी विचारलं: त्या दिवशी तू कुठे होतास?