उजवीकडचं दार

आमच्या घरमालकांना, म्हणजे चाचांना, भीती वाटणार नाही अशी एकही वस्तू देवाने अजून घडवलेली नाही. पाल, वीज, तार घेऊन येणारा पोस्टमन, न्हाव्याचा वस्तरा, या सगळ्यांना ते सारख्याच निष्ठेने भीत. वस्तरा हातात घेण्याआधी न्हाव्याला त्यांचा पहिला प्रश्न असे, "घरी भांडूनबिंडून तर न्हाय ना आलास?" वीज गेली की ते अंधाराला भीत आणि वीज आली की खालचे त्यांचे सगळे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एकदम खडखडायला लागत, म्हणून त्याहून जास्त भीत. पंख्याखाली ते झोपत नसत. "मास्तर, पंखा म्हणजे काय हाय? एका बोल्टवर लटकलेला तीन पात्यांचा सुरा! त्याच्याखाली डोळा लागंल का?" असं म्हणून त्यांनी पलंग भिंतीला चिकटवला होता. पंखा खोलीच्या मधोमध रिकाम्या लादीला वारा घाली आणि चाचा कोपऱ्यात घामाघूम होऊन घोरत. धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत त्यांच्या लूमच्या शेडवर दोन खोल्या होत्या, तिथे मी भाड्याने राहायचो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला भिवंडीत चाचांइतका भला घरमालक मिळणं कठीण होतं. पण भीती संसर्गजन्य असते. दुसऱ्या वर्षी मीही पलंग सरकवला.

अशा माणसाकडे मोटारगाडी असावी, हा विनोद देवालाच सुचू शकतो. दोन दारांची, जुनी, इवलीशी गाडी होती ती. ती मागे घसरेल याची चाचांना इतकी धास्ती, की सपाट अंगणातही चारही चाकांना विटा लावून ठेवत. त्याहून चमत्कारिक होतं ते त्यांच्या बाजूचं, म्हणजे उजवीकडचं दार. त्याला आतून हँडलच नव्हतं. काच खाली करायचं हँडलही नव्हतं आणि काच वरून चार बोटं उघडी राहून तिथेच अडकलेली. वळताना हात दाखवायचा तर चाचा त्या फटीतून चार बोटं बाहेर काढून हलवत. मागचा रिक्षावाला गोंधळून पुढे निघून जाई. शेजारी कुणी नसलं तर ते सरकून डावीकडून उतरत, कुणी असलं तर त्याने उतरून, वळसा घालून, बाहेरून दार उघडायचं. "हँडल का बसवत नाही?" असं मी अनेकदा विचारलं. "मिळत न्हाय," एवढंच उत्तर. जुन्या लूमचा कुठलाही दातेरी तुकडा अर्ध्या दिवसात पैदा करणाऱ्या माणसाला एक हँडल मिळत नव्हतं!

या गाडीत चाची बसत नसत. मी राहायला येण्याआधी कधीतरी दोघं मुलीकडे नाशिकला निघाले होते. कसाऱ्याच्या घाटात, ऐन चढावर, गाडीचा दम संपला, ब्रेक धरेनात आणि ती मागे घसरत जाऊन कठड्याच्या दगडाला अडली. "अल्लाची मेहेरबानी," एवढं सांगून चाचा विषय बदलत. चाची तर काहीच सांगत नसत. त्या दिवसापासून मात्र त्या नाशिकला एसटीने जात. चाचा रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागे मागे कसाऱ्यापर्यंत जात, घाट सुरू होतो तिथे बाजूला थांबत, एसटी वळणाआड होईपर्यंत बघत बसत आणि परत फिरत. लोक हसत. मीही हसायचो. पण अंगणात विटा लावून झाल्यावर ते शेजारच्या रिकाम्या सीटवरची धूळ रुमालाने झटकत, ते पाहिलं की मला हसू येईनासं व्हायचं.

मग एक दिवस त्यांना दापोड्याचा मिस्त्री भेटला. हा ट्रक दुरुस्त करणारा, बोलायला मोकळा आणि कुठल्याही गोष्टीला नाही न म्हणणारा. त्याच्याकडे सरकारी लिलावातली, जन्मभर डोंगरात राबलेली एक मोडकी जीप पडली होती. तिचा गियरबॉक्स, तिचा शाफ्ट आणि तिचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, ज्याच्यामुळे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो, हे सगळं चाचांच्या इवल्या गाडीला लावायचं असं ठरलं. "सेठ, इंजन वही रहेगा, लेकिन गाडी दीवार चढेगी," मिस्त्री म्हणाला. इतर शौकीन असली उलथापालथ वेगासाठी करतात. चाचांना वेग नकोच होता. "मला फक्त पुढं जायाचं हाय. इंचभरबी मागं न्हाय," ते मला म्हणाले.

महिनाभर गाडी पोट फाडून पडली होती. जीपच्या गोळ्याचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, रुंद, म्हणून ते कापून पुन्हा वेल्डिंग केलं. मग स्प्रिंगच्या बैठका भलत्याच बाजूला आल्या, तेव्हा मिस्त्रीने फार विचार न करता अख्खं हौसिंगच पालथं घालून बसवलं. पहिल्या फेरीच्या दिवशी गल्ली लोटली. चाची वरच्या खिडकीत उभ्या होत्या. चाचांनी पहिला गियर टाकला, डोळे मिटून क्लच सोडला आणि गाडी मोठ्या दिमाखात मागे निघाली! घाबरून त्यांनी दुसरा टाकला, तर ती दुप्पट वेगाने मागे गेली आणि रद्दी सुताच्या बोचक्यांत घुसून थांबली. दोन्ही दारांवर बोचकी कोसळलेली. गल्ली खाली बसून हसत होती. "गोला उलटा बैठ गया सेठ," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "अब तीन गियर पीछे के, एक आगे का." आम्ही बोचकी ओढून चाचांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वर पाहिलं. चाचींनी खिडकी लावून घेतली होती.

गोळा सुलटा झाला. गाडी आता खरोखरच कुठल्याही चढावर चढायची, पण सायकलच्या बरोबरीने, आणि खालून असा हंबरडा फोडायची की लूमच्या खडखडाटातही ती नाक्यावर आल्याचं घरी कळे. चाचा वर्षभर जवळपासच्या सगळ्या टेकाडांवर ती चढवत होते. खारबावकडच्या एका शेतकऱ्याने तर त्यांना वेडसर समजून पाणी पाजलं. चाचींचं उत्तर मात्र तेच. "मी एसटीने जाईन."

पुढे चाचींची कंबर गेली आणि डॉक्टरांनी एसटीचे धक्के बंद केले. त्याच सुमाराला नाशिकच्या नातीची बिस्मिल्ला, म्हणजे कुराणाचा पहिला धडा द्यायचा समारंभ, ठरली. जायचं तर गाडीने, नाहीतर नातीचा पहिला धडा बघायचाच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, तुम्ही मागं बसनार असाल तर मी येते. ठोकळा घेऊन बसा. गाडी मागं आली की उतरून चाकाला लावायचा." माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण चाचींना नाही म्हणण्याची भीती त्याहून मोठी होती. निघताना बायकोने हातावर दही घातलं आणि विम्याचा हप्ता भरलाय ना, असं सहज विचारलं.

कसारा मागे पडला. घाट लागला, गाडी हंबरत चढू लागली. मी मांडीवर ठोकळा धरून देव आठवत होतो, चाची कुराणातली आयतल कुर्सी पुटपुटत होत्या. अर्ध्या घाटात, नेमक्या तीव्र चढावर, पुढचा भरलेला ट्रक थांबला. मागे एसटी येऊन टेकली. चाचांनी ब्रेक दाबून धरला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की दोन दारांच्या गाडीत मागे बसवलेला माणूस पुढच्याने उतरून सीट दुमडल्याशिवाय बाहेर पडूच शकत नाही. ठोकळा होता, हात होते, रस्ताच नव्हता. इतक्यात पुढचा ट्रक हातभर मागे सरकला. आमच्या काचेत त्याची फळी मोठी मोठी दिसू लागली.

"तू उतर," चाचा म्हणाले. "मास्तर, तुम्हीबी. लवकर."

चाची हलल्या नाहीत. "मी बसले हाय," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी चाचांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि दाराकडे गेला. जिथे हँडल असायला हवं होतं तिथला पत्रा त्यांनी दोनदा चाचपला. मग तो हात परत आला आणि त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. ट्रकच्या क्लीनरने चाकाखाली दगड टाकला, ट्रक थांबला, आणि बऱ्याच वेळाने कण्हत पुढे निघाला. आता आमची पाळी. चाचांनी पहिला गियर टाकला, कलमा म्हटला, क्लच सोडला. जीपचा तो गोळा खालून ओरडला आणि गाडी इंचभरही मागे न येता वर चढली.

इगतपुरीला चहाच्या टपरीपाशी थांबलो. चाची उतरून टपरीकडे गेल्या. मी मागून बाहेर पडलो आणि नेहमीप्रमाणे उजवीकडचं दार उघडायला गेलो. चाचांनी काचेच्या फटीशी तोंड आणलं.

"मास्तर, माझा हात गेला होता दाराकडं. बघितलंत ना?"

"बघितलं."

"त्या वेळेला गाडी मागं घसरली, तवा मी उडी मारली होती. ही आत एकटी होती. दगड नसता तर दरीत गेली असती. हिनं आजपातूर कुनाला सांगितलं न्हाय. मलासुदा बोलली न्हाय." त्यांनी चार बोटं फटीत अडकवून काच धरली. "घरी आल्यावर हँडल मीच काढलं. माझा भरवसा न्हाय, मास्तर."

ज्या दारावर मी इतकी वर्षं विनोद करत होतो त्याला हात लावायची मला लाज वाटली. तेवढ्यात चाची वळसा घालून आल्या. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, स्वतः दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतरा. चहा निवतोय." चाचा उतरले, आणि भर रस्त्यात लहान मुलासारखे रडले. चाचींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि घाटात धूळ फार होती असं टपरीवाल्याला सांगितलं.

त्यानंतर चाची सगळीकडे गाडीने जाऊ लागल्या. गाडी थांबली की आपण आधी उतरायचं, कंबर धरत वळसा घालायचा आणि उजवीकडचं दार उघडायचं, हा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. काही वर्षांनी त्या गेल्या. मुलगी म्हणाली, अब्बा, आता तरी हँडल बसवून घ्या. "राहू दे," चाचा म्हणाले.

पुढे पुढे त्यांची भीतीही ओसरत गेली. पाल दिसली तरी ते उठत नसत. न्हाव्याला काही विचारत नसत. एकदा भाडं द्यायला त्यांच्याकडे गेलो तर पलंग खोलीच्या मधोमध, थेट पंख्याखाली होता. मला ते बघून अजिबात बरं वाटलं नाही. संध्याकाळी नाक्याकडून गाडीचा हंबरडा ऐकू आला की मी जिना उतरायचो. चाचा आतच बसलेले असत. डावीकडचं दार मोकळं असायचं, सरकून उतरता आलं असतं, पण ते वाट बघत. मी उजवीकडचं दार उघडायचो. ते आधी शेजारच्या सीटकडे बघत आणि मग माझा हात धरून उतरत.