पाव्हणे गेल्यावर उपसलेली विहीर

नवरा विहिरीच्या तळाशी पडला होता आणि मी दिराच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून त्याला काठावर धरून ठेवलं होतं.

"सोड वैनी! भाऊ हाय माझा."

"नवरा माझा हाय. तू उतरायचं न्हाय."

त्याने शिव्या दिल्या. मी सोडलं नाही. आत हवा आहे का बघायला शेजारणीने दोराला कंदील बांधून सोडला. निम्म्यावर जाऊन तो विझला.

आमच्याकडे विहीर उपसायची ती वैशाखात, पाणी तळाला गेलं की. पण घराच्या चार खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो आणि वैशाख त्यांचाच झाला. पाव्हणे असताना पाणी गढूळ करून चालत नाही, समुद्रातून आले की सगळे आंघोळीला धावतात. म्हणून गाळ, कौलं, रंग, सगळं ते गेल्यावर. रिकामे दिवस फुकट घालवायचे नाहीत, हे माझंच म्हणणं. नवरा म्हणायचा, "तुला मी बसलेला बघवतच न्हाय."

त्या जूनमध्ये वाऱ्याने वीज गेली ती दोन दिवस आली नाही. पाऊस लागला की विहीर भरणार, मग गाळ पुढच्या वर्षावर. मीच म्हटलं, डिझेलचा पंप आणा. वरून पाणी ओढेना, तेव्हा तो दोराने आतल्या कपारीवर उतरवला. धूर आतच कोंडला. तासाभराने पंप बंद पडला. काय झालं बघायला नवरा उतरला. उतरता उतरता म्हणाला, "चहा टाक." मग खाली काहीतरी आपटलं.

लोक जमले. आत वारा जावा म्हणून नारळाची झावळी दोराला बांधून वर-खाली ओढत राहिले. बादल्यांनी पाणी ओतलं. कंदील आणखी दोनदा विझला. काठावरून नवऱ्याची पाठ दिसत होती. ती हलते का, एवढंच बघायचं होतं. हलत नव्हती.

पुढच्या वेळी कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा मी हात सोडले. दीर उतरला, त्याने भावाला दोर बांधला, आम्ही ओढलं.

अलिबागच्या डॉक्टरने सांगितलं, आत गेल्या गेल्याच संपला असेल. दिराला ते पटत नाही. "तू धरलंस," एवढंच म्हणतो. धरलं होतं, ते खरं आहे.

नवरा मेला. दीर जिवंत आहे.